उगमाला मानकरी हवेत

मकरसंक्रांतीला मारळच्या डोंगरात देवाचे लग्न लागते. नवरदेव मार्लेश्वर, नवरी साखरप्याची गिरिजादेवी. मागणी, मानपान, मानकऱ्यांना आवतण, पालख्यांचे येणे, सारे रीतसर. लिंगायत पद्धतीचा हा कल्याणविधी पाहायला संगमेश्वर तालुकाच नव्हे, घाटावरची माणसेही पायऱ्या चढून येतात. वऱ्हाड जमते तिथेच समोर धारेश्वर धबधब्याचा कडा आहे आणि या डोंगरातूनच बाव नदी निघते. देवाची ही यात्रा नदीच्या उगमाचीही आहे, याची जाण मात्र फार थोड्यांना असते. मुंबई-गोवा महामार्गावर बावनदीचा पूल ओलांडणाऱ्याला तर ती नसतेच.

देशावर कृष्णेच्या उगमाचा केवढा थाट! महाबळेश्वरच्या पंचगंगेला भाविकांची रीघ असते. कोकणच्या नद्यांच्या वाट्याला असले माहात्म्य फारसे आले नाही. त्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या माथ्यापासून खाडीपर्यंतचे अंतर इतके थोडे, की माथ्यावर कुऱ्हाड पडली तर खाली गाळ दिसायला पिढी लोटावी लागत नाही.

मार्लेश्वराच्या गुहेत विजेचा दिवा नाही. ओणवून आत जायचे, समईच्या उजेडात पिंडी पाहायची, कपारीत साप दिसला तर हात जोडायचे आणि मागच्याला वाट द्यायची. विजेचे खांब पायथ्याशी येऊनही आतला अंधार लोकांनी जपला. हा संयम कोणा अधिकाऱ्याने शिकवलेला नाही. सापाला धक्का लावायचा नाही, ही रीत आहे आणि ती पाळली जाते. देवरहाटीतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, वाळकी काटकीसुद्धा घरी न नेणारा हाच समाज आहे.

मग देवरहाटीची शीव संपली की हात मोकळा का सुटतो? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतेच. डोंगरउतारावरची बहुतेक झाडी खासगी, एकेका सातबाऱ्यावर भावकीतली डझनभर नावे, निम्मे मालक मुंबईला. घराचे कौल फुटले, मुलीचे लग्न निघाले, की ठेकेदार हजर. उभी झाडे उक्ती विकली जातात, पैसे हातात येतात ते चार महिन्यांत संपतात. या मालकाला झोडपण्यात अर्थ नाही. झाड उभे ठेवल्याबद्दल त्याला सहसा कोणी दमडी देत नाही. तोडल्यावरच त्याचे मोल होते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे 2014 पासून निघत आले, जुलै 2024 मध्ये सहावा निघाला. त्यावर गावोगाव भांडणे झाली, कारण त्यात बंदी दिसली, मोबदला दिसला नाही.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतात. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठी नदीतला गाळ उपसायची मोहीम निघाली. ती गरजेची होतीच. पण गाळ ज्या उतारावरून येतो तिथे आपण काय करतो? खाली पोकलेन आणि वर करवती, असा हा आपला कारभार. पोकलेनपुढे फोटो काढता येतो. न तोडलेल्या झाडापुढे कोण उभा राहणार!

मार्लेश्वरापासूनच सुरुवात करता येईल. बाव नदीच्या पाणलोटातले उतार मोजून त्यांचा नकाशा मारळ आणि खालच्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावावा. ज्या खासगी मालकाने झाडी राखली, त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळावी. गाळ काढण्यावर खर्च होतो त्याचा अल्पसा वाटा त्याला पुरेल. देवस्थानाने आपल्या शब्दाचे वजन यामागे उभे करावे, कारण वनखात्याच्या नोटिशीपेक्षा देवाच्या नावाने घातलेली बंदी इथे अधिक चालते. यात्रेतले प्लास्टिक वेचणे वगैरे त्या मानाने सोपे काम आहे, ते तर व्हावेच.

कल्याणविधीला मंत्री येतात, आमदार येतात, सत्कार स्वीकारतात. पुढच्या संक्रांतीला येताना त्यांनी शाल-श्रीफळ नाकारावे आणि उगमावरची झाडे राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी किती तरतूद केली तो आकडा वऱ्हाडापुढे वाचून दाखवावा.