ओढणी आणि दुसऱ्याचे मन

दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीला २ ऑगस्ट २०२४ रोजी ७० वर्षे झाली आणि दिवाळीच्या तोंडावर मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्हींचा आनंद या दिवाळी अंकाच्या आतील पानांत आहेच. वर्षभर सलत राहिली ती गोष्ट वेगळी: मुस्लिम मुलीच्या डोक्यावरील वस्त्राचा अर्थ तिला वगळून बाकी सर्वांनी ठरवून टाकला आहे.

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयातील हिजाबबंदीविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ला यांपुरती त्या बंदीला स्थगिती दिली. दादरा-नगर हवेलीतील आमचे सिल्वासाही याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्याने हे प्रकरण परके नाही. हिजाब ही इस्लाममधील 'अत्यावश्यक प्रथा', म्हणजे जी वगळल्यास धर्माचे स्वरूपच पालटेल अशी प्रथा, नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी म्हटले होते. ही कसोटी १९५४ च्या शिरूर मठ निकालातून आली. तो मठ उडुपीच्या अष्टमठांपैकी एक आणि हिजाबचा वादही उडुपीतूनच उठला, हा योगायोग विलक्षणच. परंतु धर्मात काय आवश्यक आहे, एवढेच ही कसोटी फार तर सांगू शकते. ओढणी घेणारीच्या मनात श्रद्धा आहे, सवय आहे, घरचा धाक आहे की अभिमान, हे त्या कसोटीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

अरबीत 'हिजाब' म्हणजे पडदा किंवा आड, तर कुराणात डोक्यावरील ओढणीसाठी 'खिमार' हा शब्द येतो. इस्लामी विचारात कृतीचे मोल 'नियत', म्हणजे हेतू, यावर ठरते आणि 'रिया', म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेले धर्माचरण, निंद्य मानले जाते. गीतेच्या तेराव्या अध्यायातही ज्ञानाची लक्षणे अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणे, आणि अदंभित्व, म्हणजे देखावा नसणे, यांपासूनच सुरू होतात आणि ज्ञानेश्वरांनी त्यांचा विस्ताराने उलगडा केला आहे. ही परीक्षा ज्याची त्याने स्वतःची घ्यायची असते. शेजारणीची घेण्याची मुभा दोन्हीकडे नाही. तरीही मुलीच्या डोक्याला जमातीची इज्जत समजणारे आणि त्याच ओढणीत केवळ गुलामी किंवा आव्हान पाहणारे एका बाबतीत सहमत आहेत: दोघांनाही ती ओढणी झेंडाच हवी असते. बंदी आली की साध्या सवयीलाही अभिमानाचे रूप येते, आणि मग त्या अभिमानाचाच पुरावा बंदीच्या समर्थनासाठी पुढे केला जातो.

वापी-सिल्वासा रस्त्यावर धूळ-उन्हापासून बचाव म्हणून डोळ्यांपर्यंत तोंड बांधून दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींना अर्थ विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

सक्ती नाकारावी लागतेच, आणि घरातील सक्ती तर अधिक कठोरपणे. समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिला मुंबईत मोर्चाने गेल्या, तेव्हा त्यांनी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध कायद्याचे संरक्षण मागितले. सुधारणेची ती वाट वर्गाच्या दारात ओढणी उतरवण्यापासून सुरू होत नव्हती.

या अंकाचे सूत्र 'वस्त्र' आहे. कृत्रिम धाग्याच्या कारखान्यांच्या सिल्वासात ते सुचणे स्वाभाविकच.  डोक्यावरील वस्त्राचा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला: कर्नाटकच्या त्या निकालावर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न अग्रभागी ठेवला आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आले. २०२४ च्या दिवाळीपर्यंत तरी ते पीठ बसलेले नव्हते.