विस्थापित मूल हे दयेचा विषय नाही, आणि आपल्या स्टेटसचाही नाही

ऑगस्ट २०१९. कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरची गावेच्या गावे पाण्याखाली गेली होती. शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत छावणी होती आणि मी तिथे आठ दिवस कामाला होते. एके दुपारी शहरातून आपलीच काही पोरे टेम्पो घेऊन आली. निळा झेंडा, चटया, बिस्किटे, पाण्याचे बॉक्स, सगळे मनापासून गोळा केलेले. वाटप सुरू झाले. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीच्या हातात बिस्किटांचा पुडा आणि दोन वह्या देऊन तिला बॅनरसमोर उभे केले. फोटो झाला. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, ह्यो फोटू आमच्या वर्गातली पोरं बघत्यात व्हय?"

मी "न्हाई गं" म्हणाले. खोटे बोलले. तोवर तो फोटो तीन ग्रुप फिरून माझ्याच मोबाईलवर आला होता.

मित्रांनो, त्या पोरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला मी हे लिहीत नाही. तसे फोटो मीही पाठवले आहेत. पण बाल न्याय अधिनियम २०१५ आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला आहे? त्याच्या कलम २(१४) मध्ये 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' कोण, याची यादी आहे. नैसर्गिक आपत्ती, सशस्त्र संघर्ष किंवा नागरी अशांततेची झळ बसलेले मूल त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. आणि कलम ७४ सांगते की अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येणार नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे संविधान हातात घेऊन फिरणारे आपण, छावणीत जाऊन आधी कायदाच मोडतो. आणि ज्याच्या बापाने आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही, त्या लेकराला हात पसरलेल्या अवस्थेत जगापुढे कायमचे उभे करतो.

आता प्रस्थापितांकडे वळू.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. काही दिवसांतच बातमी आली: मुख्यमंत्र्यांनी अनाथ मुलांचे पालकत्व स्वीकारले! टीव्हीवर कौतुकाचा पाऊस. आपल्यातल्याही काहींनी 'काहीही म्हणा, माणूस दिलदार' असे लिहिले.

मला साधा प्रश्न पडतो. मुख्यमंत्री हा व्यक्ती म्हणून त्या मुलांना सांभाळणार असेल, तर उद्या त्याचे मन बदलले की मुलांनी कुणाकडे जायचे? आणि राज्याचा प्रमुख म्हणून सांभाळणार असेल, तर त्यात जाहीर करण्यासारखे काय आहे? ते त्याचे कामच आहे. दत्तक घेण्याची कायद्यात एक लांबलचक, तपासणीची प्रक्रिया आहे. ती मंचावर माईक हातात घेऊन पार पडत नाही. आईवडिलांपासून तुटलेले मूल सापडले तर त्याला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे असते. त्याचे पुढे काय होणार हे ती समिती ठरवते. पुढारी नाही, फाउंडेशन नाही, आणि आपली संघटनाही नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चे कलम १२ म्हणते की मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतुदी केल्या पाहिजेत. कलम ६१ म्हणते की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम लिहिणाऱ्यांना जातीची आठवण उगाच झाली नव्हती. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना छावण्यांत आणि मदतीच्या रांगांत काय वागणूक मिळाली, ते तेव्हाच जगासमोर आले होते. आपल्याकडेही अनेक गावांत वस्ती कुठे असते? ओढ्याला लागून, नदीच्या उताराला, गावाने नको म्हणून सोडलेल्या जागेत. पाणी आधी तिथे शिरते आणि तिथून शेवटी ओसरते. याला निसर्गाचा कोप म्हणायचे का? गावाचा नकाशा निसर्गाने काढलेला नाही.

कुणी म्हणेल, मग मुलांना चांगल्या संस्थेत नेऊन ठेवले तर बिघडले काय? १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शेकडो मुलांना पुण्याला नेऊन शिकवले गेले, त्या कामाचे मोल मी नाकारत नाही. वसतिगृह तर आपल्या चळवळीचा कणाच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तिथून किती पिढ्या उभ्या राहिल्या! पण वसतिगृहातल्या मुलाला सुट्टीत जायला घर असते. आई गेली, बाप गेला, पण आजी आहे, मावशी आहे, काका आहे, आणि केवळ त्यांच्याकडे पैसे नाहीत म्हणून मूल संस्थेत टाकले, तर ते गरिबीला दिलेली शिक्षा आहे. कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे, नातेवाइकांकडे किंवा एकट्या आईकडे वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण किती वस्त्यांत आपण तिचा अर्ज तरी भरून दिला?

आणि आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. पुरात घर गेले की मूल 'आपद्ग्रस्त' होते. गावाने हल्ला करून, बहिष्कार टाकून कुटुंबाला पळवून लावले की त्या मुलाला काय म्हणतात? काहीच नाही. बातमी बापाची होते, बहिणीची होते, आरोपींच्या जामिनाची होते. मूल कुठल्याच रकान्यात नसते.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या रात्री आईच्या कडेवर बसून शिवारातून पळालेली लेकरे आज पन्नाशीच्या आसपास आहेत. नामांतराचा इतिहास आपण दर जानेवारीला सांगतो, पण त्यांची शाळा कुठे सुटली, हे कुणी विचारले? बाबासाहेबांच्या उपस्थितीत १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, ती हवेतून आली नव्हती. गाव हेच आपल्या लेकरांसाठी धोक्याचे ठिकाण आहे, ही जाणीव त्यामागे होती.

मराठवाड्यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट, नावे सांगत नाही. हल्ल्यानंतर रातोरात निघाले, पुण्याजवळ मेव्हण्याच्या एका खोलीत नऊ माणसे. थोरला मुलगा सातवीत. जवळच्या शाळेने सांगितले, आधी जुन्या शाळेचा दाखला आणा. जुनी शाळा कुठे? त्याच गावात. ज्या गावात पाय ठेवला तर तंगड्या तोडू म्हणून सांगितले होते, तिथे जाऊन बापाने दाखला मागायचा! चार महिने मुलगा घरी बसला, मग बापाबरोबर सेंट्रिंगच्या कामाला जाऊ लागला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ स्वच्छ सांगते की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे त्या शाळेला ठाऊक नव्हते, बापाला ठाऊक नव्हते, आणि मोर्चा काढून निवेदन देणाऱ्या आम्हालाही चार महिने सुचले नाही. आम्ही आरोपींच्या अटकेसाठी झगडत होतो. ते बरोबरच होते, पण मुलगा आमच्या डोळ्यांसमोर हातातून गेला.

ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ आपण फक्त साक्षीदारांच्या संरक्षणापुरते वाचतो. त्यात पीडितांचे सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि स्थलांतर हा हक्क म्हणून आहे. पीडिताचे वय आणि शैक्षणिक अडचण ध्यानात घ्या असेही म्हटले आहे. खून झालेल्यांच्या मुलांचा पदवीपर्यंतचा संपूर्ण शिक्षणखर्च आणि पालनपोषण नियमांत लिहिलेले आहे. आर्थिक मदतीचा पहिला हप्ता जमा झाला की आपण पेढे वाटून परत येतो, आणि पदवीपर्यंतची ती ओळ कागदावरच राहते.

कागदावरून आणखी एक. पुरात ट्रंक वाहून जाते तेव्हा फक्त कपडे जात नाहीत. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो कुठे असतो? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, गावच्या कोतवाल बुकाच्या जीर्ण उताऱ्यात. तो गेला की नातीची शिष्यवृत्ती अडकते, पुढे वैधता अडकते, कॉलेज अडकते. वर आपली माणसे धर्म बौद्ध लिहितात, जुन्या नोंदीत जात वेगळी असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना सवलती मिळाल्या, तरी खिडकीवरचा कारकून अजून भुवया उंचावतो. जाळपोळीत पळालेल्या कुटुंबाचे तर सगळेच जळालेले असते. छावणीत बिस्किटे देणारे शंभर जण येतात, पण त्या मुलीच्या आजोबांच्या नोंदीची नक्कल काढून देणारा एकही येत नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखे काही नसते. तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आमच्या तालुक्यात या पावसाळ्याआधी आम्ही वस्तीवार वही करत आहोत. प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता, शाळा, आईबापानंतर सांभाळू शकेल असे जवळचे नातेवाईक, कागदांच्या छायाप्रती. वही गटातल्या दोन महिलांकडेच राहील, कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही. पहिल्या पानावर १०९८ आणि बाल कल्याण समितीचा नंबर. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात त्यासाठी बसणार आहोत. येताना आजोबांचा किंवा पणजोबांचा दाखला असेल तर घेऊन या, झेरॉक्सचा खर्च आम्ही करू.