कारखान्याच्या मुदपाकखान्यात शेफला काम आहे, स्थान नाही

पंधरा-वीस वर्षे हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढलेल्या शेफला कधी ना कधी त्याच त्या मेनूचा कंटाळा येतो. हात तयार झालेला असतो, डोके मात्र रिकामे राहू लागते. अशा माणसाला मिळणारे सल्ले ठरलेले असतात. आखातात जा, जहाजावर जा, नाहीतर स्वतःचे हॉटेल काढा. पहिल्या दोहोंत घर सुटते आणि तिसऱ्यात भांडवल अडकते. पिंपरी-चिंचवडपासून चाकण-तळेगावपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्याचे नाव या यादीत क्वचितच येते. 'कॅन्टीन' हा शब्द ऐकताच तारांकित हॉटेलातला माणूस नाक मुरडतो, हे त्याचे एक कारण. वास्तविक, सतत बदलणारे आणि कस पाहणारे काम हवे असलेल्याला ते आज याच पट्ट्यात मिळू शकते.

मुंबईच्या गिरणगावात कामगार खानावळीत जेवत असे. त्याचे जेवण ही गिरणीची जबाबदारी मानली जात नव्हती. 1948 च्या कारखाना कायद्याने हे चित्र पालटले. अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आणि बजाज आले; या साऱ्या कारखानदारीचे स्वयंपाकघर या कायद्याच्या छायेत उभे राहिले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला नंतर मोटारींनी गाठले. 1999 मध्ये बजाज, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेन्झ, 2010 मध्ये महिंद्र. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये ह्युंदाईकडे गेला. जर्मन, जपानी, कोरियन अभियंते आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशातून आलेले तरुण असे एकाच पट्ट्यात जेवू लागले.

या जेवणामागचे गणित हॉटेलात शिकवले जात नाही. कायद्याने कामगाराला किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळते. तेवढ्या वेळात मोठ्या कारखान्यातील शेकडो माणसे रांगेत उभी राहून, जेवून, पुन्हा यंत्रापाशी पोहोचायला हवीत. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला तरी तीन हजार माणसांना तीन क्विंटल लागतात. अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर तीस किलो तांदळाचा भात वाया जातो किंवा रांगेचे शेपूट उपाशी राहते. चार माणसांच्या भाजीतले मीठ हजाराने गुणून चालत नाही. मध्यवर्ती स्वयंपाकघरात पहाटे शिजलेले वरण डब्यात बसून दाट होते, पोहे कोरडे पडतात, भेंडी लिबलिबीत होते. तेव्हा वरण किती पातळ ठेवायचे, कोणता पदार्थ वाहतुकीला टिकेल, चाकणच्या चौकात गाडी अडकली तर अन्न साठ अंशांच्या खाली कसे उतरू द्यायचे नाही, हे सारे शेफनेच ठरवायचे. तिसऱ्या पाळीला जड जेवण दिले तर पहाटे डुलकी लागते आणि यंत्रापुढे डुलकी घातक असते. त्यातच श्रावण येतो, एकादशी येते, रमजान येतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की गोडाचे जेवण लागते. भाकरी हवी म्हणणारा आणि भातावाचून पोट न भरणारा, दोघेही त्याच रांगेत असतात. तारांकित हॉटेलात ग्राहक मेनू पाहून निवड करतो आणि पसंत पडले नाही तर दुसरीकडे जातो. इथे तोच माणूस वर्षाचे तीनशे दिवस जेवतो आणि नावडले तर थेट युनियनकडे जातो. यापेक्षा कठोर समीक्षक कोणत्या शेफला मिळणार?

या कामातून पुढे वाटाही फुटतात: परदेशी पाहुण्यांचे भोजनगृह, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांची फूड कोर्ट, तयार अन्नाच्या कंपन्यांत नव्या पाककृतींचा विकास. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षकांची गरज वाढली. तपासणी आणि प्रशिक्षण हे अनुभवी शेफसाठी नवे क्षेत्र झाले.

अडचण वेगळीच आहे. ही स्वयंपाकघरे बहुतांशी ठेकेदार कंपन्या चालवतात. शेफ कारखान्यात राबतो, पण तो कारखान्याचा नसतो. इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केले की, वैधानिक उपाहारगृहातील ठेकेदाराचे कामगार कारखाना कायद्यापुरते कंपनीचे कामगार ठरतात. एवढ्याने ते इतर सर्व बाबतींत तिचे कर्मचारी होत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी हा पेच अधिक घट्ट केला आहे. उपाहारगृहासाठीची मर्यादा आता शंभर कामगारांवर आली असून त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. म्हणजे चाकण परिसरातील सुटे भाग बनवणारे मध्यम कारखानेही या कक्षेत येऊ शकतात आणि स्वयंपाकघरांची संख्या वाढू शकते. पण त्याच संहितेने उपाहारगृह व खाद्यसेवा यांना आस्थापनेच्या मुख्य कामातून सर्वसाधारणपणे वगळले आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, स्वयंपाकाला ती लागू नाही. जेवण सक्तीचे आणि जेवण करणारा मात्र दुय्यम, अशी ही अजब विभागणी आहे.

अनुभवी शेफला तर दुहेरी फटका बसतो. पर्यवेक्षकाचे काम आणि महिना अठरा हजारांहून अधिक वेतन असले की तो 'कामगार' या व्याख्येतून बाहेर पडतो. त्याच्या हाताखालचा आचारी औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो, त्याला स्वतःला ती वाट बंद असते. ठेक्याची मुदत संपून नवा ठेकेदार आला की मुदपाकखाना तोच, भांडी तीच आणि जेवणारेही तेच. फक्त शेफची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाऊ शकते. काहीसा दिलासा एवढाच की ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत आता वर्षभराच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. त्यासाठी नेमणूकपत्रात मुदत स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. 'ठेका असेपर्यंत' अशा मोघम शब्दांवर सही करून वादाला जागा ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या शेफने पगाराच्या आकड्याआधी ठेक्याची मुदत किती उरली आहे ते विचारावे. नेमणूक एका कारखान्यापुरती आहे की ठेकेदाराच्या सर्व स्वयंपाकघरांसाठी, हेही विचारावे. दुसऱ्या प्रकारात विविधता मिळते आणि एक ठेका गेला तरी नोकरी वाचण्याची शक्यता राहते. कारखानदारांकडूनही एक अपेक्षा आहे. उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीत कामगारांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद 1948 पासूनची आहे. त्या बैठकीत भाजी तिखट झाली की अळणी यावर चर्चा होते. निविदा काढताना ताटामागे किती रुपये, याबरोबरच शेफच्या सेवेचे सातत्य ही अटही घालावी, असा विषय त्याच समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.