शून्य आणि कोरी जागा

१९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हर्क्युलिस’ या आज्ञावलीच्या योगें आय. बी. एम.च्या जुन्या मेनफ्रेम यंत्राचें काम घरच्या संगणकावर हुबेहूब चालतें. आमच्या उंब्रजचा एक विद्यार्थी तिजवर कोबॉल शिकतो. परीक्षेच्या गुणांची बेरीज करितांना त्याचें काम मध्येंच बंद पडलें व ‘०सी७’ ही खूण उमटली. ‘हर्क्युलिस बिघडली,’ असा त्याचा तर्क.

आम्हांस तो पटला नाहीं. अंकाच्या जागीं अंक नाहीं, असा त्या खुणेचा अर्थ. गुण ‘पॅक’ पद्धतीनें ठेविले होते. तींत शेवटचें अर्धें घर धन-ऋण चिन्हाचें असतें. कोरी जागा यंत्रांत ‘४०’ अशी लिहिली जाते. त्यांतलें शेवटचें ० हें चिन्ह नव्हे. म्हणून यंत्र थांबतें.

थांबल्या ठिकाणच्या पत्त्यांतून आज्ञावलीच्या आरंभाचा पत्ता षोडशमान रीतीनें वजा करावा, आणि बाकीच्या लगत आधीची आज्ञा संकलकाच्या यादींत पाहावी. दोष सांपडतो.

येथें एका गैरहजर मुलाचे गुण कोरे होते. तेथें शून्य भरतांच काम चाललें असतें. पण मुलगा नापास ठरला असता! शून्य ही संख्या आहे. तिचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितले. कोरी जागा म्हणजे केवळ माहितीचा अभाव. तेव्हां बेरजेपूर्वीं अंक आहे कीं नाहीं हें तपासावें, आणि नसल्यास तें नांव निराळें काढून शाळेस विचारावें. यंत्र अडलें म्हणूनच त्या मुलावरील अन्याय टळला.