त्रिशूळ गावातून निघतो

माघ अर्ध्यावर आला की वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत वेल्डिंगच्या दुकानापुढे एखादा त्रिशूळ उभा दिसू लागतो. तिन्ही पाती घासून लख्ख केलेली, दांड्याचा रंग अजून ओला. नवस बोललेल्या घरचा कर्ता माणूस दिवसातून दोनदा चक्कर टाकून तो पाहून जातो. कुणाच्या घरी लग्नानंतर बारा वर्षांनी पाळणा हललेला असतो, कुणाचं पोरगं मोठ्या दुखण्यातून उठलेलं असतं. त्रिशूळ घरी आला की त्याला शेंदूर लागतो, टोकांवर लिंबं टोचली जातात, आयाबाया ओवाळतात. मग ‘हर बोला महादेव’चा गजर होतो आणि मंडळी महाशिवरात्रीसाठी मोठ्या महादेवाला निघतात. या जथ्याला विदर्भात ‘पोहा’ म्हणतात.

मोठा महादेव म्हणजे चौरागड. मध्य प्रदेशात, सातपुड्यात, पचमढीच्या डोंगरांमधलं साधारण १,३०० मीटर उंचीचं शिखर. वर्ध्याहून नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापल्यावर पचमढी लागते. तिथून महादेवाच्या गुहेपर्यंत गाडी जाते. पुढे गुप्त महादेवाची अरुंद कपार, आणि मग १,३०० हून अधिक पायऱ्यांचा गड. वर पोहोचल्यावर देवळाआधी नजरेत भरतात ते त्रिशूळच. बोटाएवढे, पुरुषभर उंचीचे, चौघांनी खांद्यावर आणलेले, एकाला एक टेकवून रचलेले हजारो त्रिशूळ. त्यातले कितीतरी वर्धा, नागपूर, अमरावतीच्या खेड्यांतून आलेले असतात. ज्यांना इतक्या लांब जाणं जमत नाही ते मोर्शीजवळच्या सालबर्डीला जातात, नाहीतर जिल्ह्यातल्याच ढग्याच्या जंगलातल्या महादेवाला. पण गड चढून आलेल्या माणसाचा मान गावात वेगळाच असतो.

ही यात्रा दुसऱ्या राज्यात जाते, ही गोष्ट तशी अलीकडची आहे. १९५६ पर्यंत वर्धा आणि पचमढी एकाच प्रांतात होते. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला मुक्काम हलवत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि मोठा महादेव सीमेपलीकडे राहिला. भक्तांना त्याचं काही वाटलं नाही, ते जातच राहिले. त्यांच्या वाटेला तर राज्यांच्या सीमा कधी माहीतच नव्हत्या. आमला-छिंदवाडा रेल्वेमार्गावरच्या जुन्नारदेवला लोक ‘पहिली पायरी’ म्हणतात, कारण पायी जाणाऱ्यांचा गड तिथूनच सुरू व्हायचा. पुढे भूराभगतला थांबायचं आणि मग डोंगर. भस्मासुराच्या भयानं महादेव ज्या कपारींत लपला त्या याच, असं विदर्भातला माणूस सांगतो. कोरकूंच्या कथेत तर महादेवाने पहिली माणसं याच डोंगरांत घडवली. गोंडांचा बडादेव इथलाच. एका डोंगरावर इतक्या लोकांचं मूळ सापडावं, असा दुसरा डोंगर मध्य भारतात क्वचितच असेल.

लोकांनी सीमा मानली नाही, पण कारभाराने मानली. यात्रेची व्यवस्था मध्य प्रदेश पाहतो. पार्किंग, पाणी, पोलीस सगळं तिकडचं. महाराष्ट्राच्या बाजूने महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला एसटीच्या जादा गाड्या सुटतात, आणि बरीचशी जबाबदारी तिथेच संपते. लाखो माणसांची यात्रा, तिच्यातले बहुसंख्य विदर्भातले, आणि तरीही आपल्या जिल्हा प्रशासनाच्या लेखी ती ‘बाहेरची’. हे बदलायला हवं. त्रिशूळ गावातून निघतो, तेव्हा यात्रेची सोयही गावातूनच निघाली पाहिजे.

गाडीचंच घ्या. तूर घरात आलेली, कापसाची शेवटची वेचणी उरकत आलेली, हरभरा अजून शेतात. हातात थोडा पैसा आणि चार-पाच दिवसांची सवड अशी नेमकी ही वेळ असते. गावातली तीस-चाळीस माणसं वर्गणी काढतात आणि गाडी ठरवतात. ती पुष्कळदा मालवाहू पिकअप किंवा ट्रक असते. आत फळ्या टाकून माळा करायचा, वर तरुण पोरं, खाली म्हातारी माणसं, गाठोडी, गॅसची शेगडी आणि मधोमध कापडात गुंडाळलेला त्रिशूळ. याच गाडीने रात्री तामियाचा घाट चढायचा. मालवाहू गाडीतून माणसं नेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बस गावात येत नाही आणि ट्रक दारात येतो.

एसटी दारात येऊ शकते, हे पंढरपूरच्या वारीने दाखवून दिलं आहे. आषाढीला एखाद्या गावातल्या ४० किंवा अधिक भाविकांनी एकत्र मागणी केली तर त्यांच्या गावातून थेट पंढरपूरला बस देण्याची योजना महामंडळाने राबवली. तीच सोय वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, तळेगावच्या आगारांतून मोठ्या महादेवासाठी का मिळू नये? अडचण आणखी एक आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. सावनेर सोडून सौंसरकडे लागलं की बाईचं तिकीट पुन्हा पूर्ण होतं. शेतमजुरी करणाऱ्या घरातून सासू, सून आणि दोन लेकी निघाल्या तर हा फरक लहान नसतो, आणि तोच त्यांना ट्रककडे ढकलतो. वर्षातून दोन यात्रांपुरती ही सवलत पचमढीपर्यंत न्यायला राज्याच्या तिजोरीवर फार मोठं ओझं पडणार नाही. तसा ठराव आमदारांनी सभागृहात मांडावा.

आता गडाची गोष्ट. पायऱ्यांवर पहाटे पाहावं असं दृश्य असतं. साठी ओलांडलेली एक बाई नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, एका हातात काठी आणि दुसरा हात नातवाच्या खांद्यावर ठेवून चढत असते. पाय अनवाणी, टाचांना भेगा. नातू म्हणतो, ‘‘थांब ना वं आजी, दम घे जरासा.’’ ती म्हणते, ‘‘आता बसली त उठणं नाही होत बापा.’’ मागून आरोळी येते, लोक कडेला सरकतात, आणि सहा जणांच्या खांद्यावरून एक लांबलचक त्रिशूळ वर निघून जातो. म्हातारी त्याच्या दांड्याला हात लावून तो हात कपाळाला लावते आणि पुन्हा चढू लागते.

या म्हातारीच्या पोटात आदल्या दुपारपासून काय गेलेलं असतं? चार साबुदाण्याचे दाणे आणि एखादं रताळं. रात्रभर गाडीत झोप नाही, पहाटे गार पाण्याची आंघोळ, वर उपास. रक्तदाबाची गोळी घरी राहिलेली, किंवा साखरेची गोळी रिकाम्या पोटी घेतलेली. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे. तिथे जाणाऱ्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ७० च्या पुढच्यांना परवानगीच मिळत नाही. चौरागडाच्या उंचीवर हवा त्रास होण्याइतकी विरळ होत नाही, म्हणून तिथे असलं काही लागत नाही, आणि लागूही नये. महादेवाच्या दारात म्हातारीला अडवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण मध्येच माणूस कोसळतो तो हवेअभावी नव्हे. तो कोसळतो चढण, उपास आणि गोळ्यांची आबाळ यांच्यामुळे. आणि याचा इलाज गावात आहे.

वर्धा जिल्ह्याने तर याची सबब सांगूच नये. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तिथे राहते. सावंगीला मोठं रुग्णालय आहे. गावोगाव आशा ताई आहेत. महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी, ज्या देवळापुढे त्रिशुळाची पूजा होते त्याच देवळात एक दुपार रक्तदाब आणि साखर तपासली, उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती टाळायची ते समजावून सांगितलं, आणि प्रत्येकाच्या खिशात नाव, गाव, आजार आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवली, तरी पुष्कळ झालं. अनोळखी डोंगरात, परक्या राज्यात एखादी बाई बेशुद्ध पडली तर ती चिठ्ठीच तिच्या वतीने बोलेल.

गर्दीचा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि दुतर्फा दुकानं ही कारणं तेव्हा समोर आली. पुढे कोचर आयोगही नेमला गेला. चौरागडाची वाटही अरुंद आहे आणि तिथे चढणारा त्रिशूळ आणि उतरणारा माणूस एकाच पायरीवर समोरासमोर येतात. अवजड त्रिशुळांनी शिवरात्रीच्या ऐन दिवशी न चढता दोन दिवस आधी चढावं, हे त्या-त्या पोह्याच्या म्होरक्याने, म्हणजे भगताने, आणि गावाने ठरवायचं आहे. पोलिसाने सांगितलं तर भांडण होईल. भगताने सांगितलं तर लोक ऐकतील. नवस त्रिशुळाचा असतो, तिथीचा हट्ट त्यात नंतर शिरला आहे.

पचमढीच्याच डोंगरांतल्या, श्रावणातल्या नागद्वारच्या यात्रेला तर जास्तच जपायला हवं. नागपंचमीच्या सुमारास जेमतेम दहा दिवस ती वाट उघडते. भर पावसात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून, काजळी, पद्मशेष, स्वर्गद्वार अशी ठाणी घेत. विदर्भातली मंडळं तिथे तळ ठोकून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालतात. ही सेवा किती मोठी आहे ते भिजलेल्या, थकलेल्या माणसाला गरम खिचडीचा पहिला घास सांगतो. पण त्याच जंगलात पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या मागे राहतात. बोर व्याघ्र प्रकल्प २०१४ मध्ये वर्धा जिल्ह्यातच झाला. वाघाच्या जंगलात प्लास्टिक टाकू नये हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागू नये. यात्रेत खराटा घेऊन आधी आवार झाडणारे आणि मग कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा याच मातीतले. दर गाडीत एक रिकामं पोतं न्यायचं आणि ते भरून परत आणायचं, एवढाच त्यांचा वारसा पचमढीला पोहोचवला तरी चालेल.

पुढच्या महाशिवरात्रीआधीच्या ग्रामसभेत, ज्या गावातून पोहा निघतो त्या प्रत्येक गावाने हा विषय पटलावर घ्यावा: कोण कोण जाणार त्यांची यादी, एसटीच्या आगाराला मागणीचं पत्र, आणि देवळात तपासणीची एक दुपार. सरपंचांना आणि पोह्याच्या भगतांना ही हात जोडून विनंती आहे. पत्र आजच लिहायला घ्या.