दोन हजार यार्डांची पिन

सिनेमातला हिरो दाताने पिन उपटतो, हातगोळा भिरकावतो आणि मागे न बघता चालायला लागतो. खऱ्या हातगोळ्याची पिन दाताने उपटायला गेलात तर पिनेऐवजी दात हातात येईल :-) पिनेची टोकं मुद्दाम फाकवलेली असतात, सहज निघू नये म्हणून.

आपल्या लष्कराने कित्येक दशकं वापरलेला 36 नंबरचा हातगोळा घ्या. मूळ डिझाइन बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचं, 1915 सालचं. पिन लिव्हरला धरून ठेवते, लिव्हर स्प्रिंगवरच्या स्ट्रायकरला. पिन काढली तरी मुठीत लिव्हर दाबलेली आहे तोवर काही होत नाही. हातातून सुटला की लिव्हर उडते, स्ट्रायकर टोपीवर आपटतो आणि साधारण चार सेकंदांनी डेटोनेटर आपलं काम करतो. पण ह्या गोळ्याचं सगळ्यात भारी फीचर गोळ्यात नाहीच, ते पेटीत आहे. गोळे आणि त्यांचे डेटोनेटर वेगवेगळे पॅक केलेले असतात. वापरायची वेळ आली की जवान बुडाचं झाकण उघडून आत बसवतो. म्हणजे कोठारात पडलेला हातगोळा हा खरं तर अर्धाच हातगोळा असतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन डेटाबेस आणि तो उडवायची कमांड एकाच माणसाच्या हातात द्यायची नाही. तो माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. माणूस, स्प्रिंग, टोपी, हवामान, सगळ्यांवर अविश्वास दाखवायचा हाच तर डिझाइनचा पाया आहे.

कोठाराचंही तेच. जगभर दारूगोळ्याचे गट पाडलेले असतात. नुसते डेटोनेटर एका गटात, डेटोनेटर नसलेली स्फोटकं दुसऱ्या, आणि स्वतःचा डेटोनेटर पोटात घेऊन बसलेला माल तिसऱ्या. कोणी कोणाशेजारी राहायचं हे ठरलेलं असतं. दोन कोठारांमध्ये मातीचे बांध असतात. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या बाहेर, असतं अंतर.

अंतराचं गणित फार सुंदर आहे. ते मालाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. माल आठपट केला तर अंतर दुप्पट लागतं. आता हेच उलटं करून बघा. अंतर निम्मं करायचं असेल तर माल एक अष्टमांश करावा लागेल! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंतर ही एकच सुरक्षा अशी आहे की जी गंजत नाही, झोपत नाही, आणि जिला ट्रेनिंग द्यावं लागत नाही. बाकी सगळ्या थरांना भोक पडू शकतं. 31 मे 2016 ला पुलगावच्या दारूगोळा डेपोत तेच झालं. रणगाडाविरोधी सुरुंगांनी भरलेलं एक शेड उडालं आणि 19 जण गेले. त्यात दोन अधिकारी होते, आणि आग विझवायला धावलेले बरेचसे डेपोचेच लोक. सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटीकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे मालच सदोष. तरीही आग त्या एका शेडपाशी थांबली. आगरगाव, नागझरी ह्या गावांतले लोक रातोरात बाहेर काढावे लागले, पण गावं शिल्लक राहिली. का? तर मध्ये मोकळी जमीन होती.

जिथे ती नव्हती तिथलं उदाहरणही आपलंच आहे. 14 एप्रिल 1944, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटकं, सोबत कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं! कोणी कोणाशेजारी राहू नये ह्याची यादीच जणू एका जहाजात भरली होती, आणि जहाज भर वस्तीला लागून उभं. शेकडो माणसं मेली, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान. देशात 14 एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यामुळेच.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे देहूरोड. तिथल्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे 1830 मीटरचा रेड झोन आहे. कायदा 1903 सालचा, अधिसूचना 2002 ची. निगडी, तळवडे, चिखली, किवळे ही नावं आयटीवाल्यांना नवी नाहीत. निवडणूक आली की पुढारी येतात आणि 'रेड झोनची हद्द कमी करू' म्हणून जातात. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्यासारखे, लॅपटॉपच्या बॅगा लटकवलेले इंजिनीयरही असतात, हे जास्त डोक्यात जातं.

बरं, हद्द निम्मी करायची. मग डेपोतला माल एक अष्टमांश करणार का? त्याबद्दल भाषणात अवाक्षर नसतं. नकाशावरची रेषा आत सरकवल्याने स्फोटाची लाट आत सरकत नाही हो.

'आता तंत्रज्ञान बदललंय' हे उत्तर तयारच असतं. बदललंय, मान्य. नागपूरच्या खासगी कंपनीने बनवलेला नवा मल्टीमोड हातगोळा ऑगस्ट 2021 पासून लष्कराला मिळू लागला, दहा लाखांची ऑर्डर होती. तो जुन्या 36 नंबरपेक्षा जास्त भरवशाचा आहे. पण भरवशाचा हातगोळा म्हणजे फुटायचा तेव्हा नक्की फुटणारा हातगोळा! आणि शंभरातल्या नव्व्याण्णवाची हमी दहा लाखांवर लावली तर राहिलेले किती होतात, हे तुम्हाला सांगायला नको. मातीने झाकलेली नवी कोठारं बांधली तर अंतर कमी चालू शकतं, हेही खरं. मग आधी कोठारं बांधा, गणित मांडा, आणि नंतर रेषा हलवा. आधी रेषा हलवायची आणि कोठारं पुढच्या निवडणुकीत, ह्याला इंजिनीयरिंग म्हणत नाहीत.

ज्यांची जमीन किंवा जुनं घर त्या पट्ट्यात अडकलं त्यांच्यावर अन्याय झालाय, ह्यात शंका नाही. पण त्यावर उपाय म्हणजे योग्य भरपाई आणि दुसरी जागा. धोका तसाच ठेवून बांधकामाची परवानगी देणं हा न्याय नव्हे, ती फसवणूक आहे.

मी माकुणसारचा. पुण्याच्या भांडणात तुझं काय, असं कोणी विचारेल. तर सांगतो. आमच्या केळवे रोडपासून बोईसर तिसरं स्टेशन. तिथे अणुऊर्जा प्रकल्पाभोवती दीडेक किलोमीटर मोकळं आहे, आणि त्या प्रकल्पाच्या विस्तारासाठी पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांनी अख्खी गावं सोडली आहेत. आणि शेजारीच तारापूर एमआयडीसीत? रसायनांचे कारखाने आणि कामगारांच्या चाळी ह्यांच्यामध्ये काही ठिकाणी फक्त एक रस्ता, काही ठिकाणी तोही नाही. नायट्रेशन म्हणजे टीएनटी जिच्यातून जन्मतो तीच प्रक्रिया, रंग आणि औषधांच्या कारखान्यांतही चालते. 8 मार्च 2018 ला तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, तीन जण गेले. 11 जानेवारी 2020 ला कोळवडे हद्दीत दुसऱ्या एका कारखान्यात, आठ जण गेले. दर वेळी 'चौकशीचे आदेश', दर वेळी 'मानवी चूक'. मानवी चूक होणारच! हातगोळ्याचं डिझाइन ती गृहीत धरून केलेलं आहे. तारापूरचं कोणी आणि काय गृहीत धरून केलं?

म्हणजे गंमत बघा. जी वस्तू माणसं मारण्यासाठीच बनवली आहे, तिला पिन आहे, लिव्हर आहे, वेगळी पेटी आहे, मातीचा बांध आहे आणि वर दोन हजार यार्ड आहेत. आणि जिथे आपल्या गोळ्या आणि कपड्यांचे रंग बनतात तिथे कुंपणाला टेकून कोणाचा तरी संसार आहे. अशा वेळी देहूरोडचं अंतर बोईसरला न्यायला हवं होतं. आपण बोईसरचा गोंधळ देहूरोडला न्यायला निघालोय.

तेव्हा मंडळी, फ्लॅट बुक करताना बिल्डरला 'रेड झोन कधी उठणार' असं विचारू नका. नकाशा मागा, रेषा कुठे आहे ते बघा आणि तिच्या बाहेर घर घ्या. आणि मतं मागायला येणाऱ्याला विचारा की मालाचं वजन किती कमी करताय. उत्तर आलं नाही, तर तो तुमच्या हातातल्या गोळ्याची पिन काढतोय एवढं समजा.