दैवाची सबब

गेल्या श्रावणांत एका व्याख्यानाच्या निमित्तानें आम्हांस पनवेलीस जाण्याचा योग आला. ‘योग आला’ असें म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हटलें. खरें पाहतां हा योग आम्ही एकतीस वर्षें टाळीत आलों होतों. कोकणांत जाणें पडलें तर रात्रीच्या रेल्वेनें जावें, म्हणजे पनवेल झोपेंत मागें पडेल, असा आमचा शिरस्ता. या खेपेस मात्र व्याख्यान सायंकाळीं होतें, दुपार मोकळी होती, आणि मनाशीं म्हटलें कीं, पन्नाशी उलटलेल्या माणसानें एका मोरीस इतकें भिऊन राहणें बरें नव्हे. रिक्षा केली आणि गोव्याच्या रस्त्यास लागलों.

१९९४ सालीं, गणपतीच्या आधीं दोन दिवस, महाविद्यालयांत नुकतेच नोकरीस लागलेले आम्ही दोघे स्नेही याच रस्त्यानें एका प्रवासी गाडींतून कोकणांत निघालों होतों. कोकण रेल्वे पूर्ण व्हावयास अद्याप तीन-साडेतीन वर्षांचा अवकाश होता. रात्रीची वेळ, पाऊस कोसळत होता. पळस्प्याचा फाटा ओलांडला, वासुदेव बळवंत फडक्यांचें शिरढोण मागें पडलें, आणि थोड्याच वेळांत समोर दुरुस्तीसाठीं आणलेल्या खडीचा ढीग उभा राहिला. निम्मा रस्ता त्यानें अडविला होता. ढिगावर दिवा नव्हता कीं लाल निशाण नव्हतें. चालकानें गाडी वळविली. बाजूस मोरी होती, आणि मोरीचा कठडा पूर्वींच कधीं तरी तुटला होता तो तसाच होता. गाडी खालीं गेली. मित्राला गाडी लागत असे, म्हणून खिडकीकडची जागा आम्हींच त्याला दिली होती. आमचा पाय मोडला. तो जागींच गेला. जवळच्या वस्तींतील माणसें कंदील घेऊन धांवलीं नसतीं, तर हा लेख लिहावयास आम्हीही उरलों नसतों.

पुढें पंचनामा झाला. चालकानें गाडी ‘हयगयीनें, अविचारानें व भरधाव वेगानें’ चालविल्याचें त्यांत नमूद झालें. खडीचा ढीग कागदावर ‘रस्त्याच्या कडेस’ सरकला होता. कठड्याचा तर उल्लेखच नव्हता. कालांतरानें साक्षीचें बोलावणें आलें. आम्ही ढिगाविषयीं बोलूं लागतांच ‘विचारलें तेवढेंच सांगा’ अशी समज मिळाली, आणि आम्हींही विचारलें तेवढेंच सांगितलें. चालकाचें शेवटीं काय झालें, याची आम्हीं चौकशीही केली नाहीं. हें लिहितांना लाज वाटते. म्हणूनच लिहीत आहों.

पाय बरा झाल्यावर मित्राच्या आईस भेटावयास गेलों होतों. काय बोलावें तें सुचेना. ‘देवाच्या मनांत होतें, काकू,’ असें आम्ही म्हणालों. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘देवाचें राहूं दे रे. ती खडी तिथें कुणीं टाकली, तें सांग.’

या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं तेव्हां नव्हतें. आजही नाहीं. पण तें कां नाहीं, हें आतां थोडेंबहुत कळूं लागलें आहे.

रस्ता आतां पूर्वींचा राहिलेला नाहीं. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या रुंदीकरणास २०११ सालीं आरंभ झाला आणि तें काम एका तपाहून अधिक काळ रेंगाळलें. मोरी कोठें होती हें आम्हांस ओळखेना. शेवटीं चहाच्या टपरीवरील एका वृद्ध गृहस्थांस विचारलें. ते म्हणाले, ‘ती होय साहेब? ती जागाच वाईट. लई माणसं गेली तिथं. आम्ही अजून अवसेला नारळ देतो.’ त्यांनीं बोट दाखविलें तेथें शेंदूर फासलेला एक दगड, दोन करवंट्या आणि एक वाळलेला हार होता.

आमच्यांतील शिकलेला माणूस प्रथम मनांत हंसला. परतीच्या वाटेवर मात्र तें हंसूं जिरलें. टपरीवाला जागेस दोष देत होता. पंचनाम्यानें एकट्या माणसास दोष दिला होता. आणि आम्ही, दोन पदव्या मिळविलेले, दैवास दोष देऊन मोकळे झालों होतों. या तिघांत सत्याच्या अधिक जवळ कोण? आमच्या मतें टपरीवाला. जागा खरोखरच वाईट होती! ती भुतानें वाईट केलेली नव्हती, एवढाच काय तो फरक. ती खडी टाकणारानें, दिवा न लावणारानें, कठडा न बांधणारानें आणि या सर्वांवर देखरेख ठेवण्याचा पगार घेणारानें वाईट केली होती.

आमच्या भाषेचीही येथें एक मौज आहे. इंग्रजींतील ‘ॲक्सिडेंट’ या शब्दाच्या मुळाशीं ‘अकस्मात् येऊन पडणें’ हा अर्थ आहे. आपल्या ‘अपघात’ शब्दाच्या पोटांत मात्र ‘हन्’ धातु आहे. हन् म्हणजे मारणें. विश्वासघात म्हटला कीं तो करणारा कोण असें आपण लगेच विचारतों. आत्मघात म्हटला कीं त्याचें कारण शोधतों. अपघात म्हटला कीं मात्र आपण डोळे मिटून हात जोडतों. शब्द आपला ठेवला आणि अर्थ मात्र परक्याचा भरला, आणि मारणारा बिनबोभाट निसटला.

यावर कोणी म्हणेल कीं, मरण तें मरण. त्याची चौकशी करून काय साधणार? या गृहस्थांस आम्ही पुन्हां पनवेलीसच नेऊं इच्छितों. तेथें आज रेल्वेचें मोठें जंक्शन आहे. शेजारींच नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. आणि मुंबई-पुणें व मुंबई-गोवा हे दोन्ही राजरस्ते तेथून जातात. रूळ, आकाश आणि डांबर या तिन्ही वाटा एका गांवीं मिळतात. पण त्यांवरील मरणाची किंमत मात्र सारखी नाहीं.

आगगाडीच्या अपघातांत उतारू मेले, तर १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणें रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतो. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नोकर नसतो. त्याचें खातें नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतें. हेतु हा कीं, रेल्वेनें स्वतःचाच न्याय करूं नये. ज्यास कांहीं माहिती असेल त्यानें येऊन सांगावें, अशी जाहीर सूचना निघते. ‘विचारलें तेवढेंच सांगा’ अशी नव्हे. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ रुळांवर दरड येऊन गाडी घसरली आणि पन्नासांच्या आसपास माणसें गेलीं. पुढच्याच पावसाळ्यांत, १६ जून २००४ रोजीं, करंजाडीजवळ तसाच प्रसंग आला. त्यानंतर डोंगरांना जाळ्या बसल्या, उतार कापले गेले, पावसाळ्यांत गाड्यांचा वेग उतरला. सह्याद्रीचें दैव फिरलें म्हणून हें झालें नाहीं. कारण शोधलें गेलें म्हणून झालें. रुळांवर एकेकटीं मरणारीं माणसें या चौकशीच्या बाहेर राहतात, हें आम्ही जाणतों. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विमानाचेंही तसेंच. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळून त्यांतील २४२ पैकीं २४१ जण मरण पावले. महिनाभरांत प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यांतील शब्दाशब्दावर देशभर वाद माजला. तो माजलाच पाहिजे होता.

आतां डांबराकडे वळूं. २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं महाराष्ट्रांत १५,२२४. हा आंकडा केंद्र सरकारचाच आहे. दिवसाची सरासरी ४६० हून अधिक पडते. म्हणजे अहमदाबादेच्या विमानासारखीं जवळजवळ दोन विमानें रोज कोसळत आहेत. पण तीं एकेक, दोनदोन माणसांनीं कोसळतात, म्हणून आवाज होत नाहीं. आवाज झाला कीं काय होतें, तेंही याच गोव्याच्या रस्त्यानें दाखविलें आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. तेव्हां न्यायालयीन चौकशी नेमली गेली आणि नवा पूल वर्षाच्या आंत उभा राहिला. म्हणजे करण्याची शक्ति नाहीं असें नाहीं.

येथें एक आक्षेप येणार, आणि तो पोकळ नाहीं. त्याच २०२२ च्या सरकारी अहवालांत सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढें ‘अतिवेग’ हें कारण लिहिलें आहे. मग चालकाचा दोष नाहीं काय? आहे, आणि बेदरकार चालकास शिक्षा झालीच पाहिजे. पण माणूस चुकणार हें धरूनच जो बांधतो तोच खरा स्थापत्यशास्त्री. स्वीडनच्या संसदेनें १९९७ सालीं हेंच तत्त्व पत्करलें कीं, माणसाच्या चुकीस मरणाची शिक्षा असूं नये आणि रस्ता बांधणाराही त्यास जबाबदार असावा. स्वीडन दूर वाटत असेल तर पनवेलीशेजारीं कळंबोलीस सुरू होणारा द्रुतगति मार्ग पाहा. २०१६ सालीं त्यावर १५१ माणसें मेलीं. त्याच सालापासून धोक्याच्या जागा एकेक तपासून कठडे, फलक, गस्त यांचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि २०१९ सालीं तो आंकडा शंभराच्या खालीं उतरला. तीन वर्षांत महाराष्ट्रांतील चालकांचा स्वभाव पालटला काय? स्वभाव तोच होता; रस्ता सुधारला होता.

कायदा अगदींच मुका आहे असें नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन अधिनियमांत १९८-अ हें कलम आलें. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळें वा निगेअभावीं मृत्यु घडल्यास संबंधित अधिकारी वा कंत्राटदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दंडाची रक्कम पाहून हंसावें कीं रडावें हें वाचकांनीं ठरवावें. पण खरी उणीव दंडांत नाहीं. दोष आहे कीं नाहीं हें पाहण्यास रेल्वेच्या आयुक्तासारखा त्रयस्थ माणूस रस्त्यावर येतच नाहीं. जिल्ह्याजिल्ह्यांत रस्ता सुरक्षा समित्या आहेत. त्यांत रस्ते बांधणारीं खातींही बसतात. राष्ट्रीय मंडळाची तरतूद झाली आहे. तें सल्ला देणारें मंडळ आहे. ज्यानें खडी टाकली त्यासच खडीविषयीं विचारावयाचें, तर उत्तर ‘रस्त्याच्या कडेस’ असेंच येणार.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. ज्या अपघातांत माणूस दगावला, त्याच्या जागेची तपासणी रस्त्याशीं हितसंबंध नसलेल्या अधिकाऱ्यानें करावी. आसपासच्या लोकांस बोलावून त्यांचें म्हणणें ऐकावें. त्या टपरीवाल्यास त्या जागेचा इतिहास कोणत्याही दप्तरापेक्षां अधिक ठाऊक आहे. अहवाल मराठींत लिहून त्या गांवच्या चावडीवर लावावा. शेंदूर फासलेल्या दगडाच्या जागीं हा कागद लागेल, तर नारळ आपोआप थांबतील.

आणि शेवटीं एक शब्द आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांसाठीं. वृत्तपत्रांत ‘काळाचा घाला’ असे मथळे लिहिणारे आपणच. शोकसभेंत ‘क्रूर नियतीनें हिरावून नेलें’ असें बोलणारे आपणच. या शब्दांनीं दुःखितांचें सांत्वन होतें असें आम्ही समजत होतों. त्या माउलीचें तर झालें नाहीं. सांत्वन आमचें झालें, आणि ज्यानें ढिगावर दिवा लावला नाहीं त्याचें झालें. ती माउली आज हयात नाहीं. सायंकाळीं व्याख्यानास उभे राहिलों तेव्हां ठरलेला विषय साहित्याचा होता. पण बोलण्यास आरंभ करण्यापूर्वीं आम्हीं सभेपुढें तिचाच प्रश्न ठेवला. सभा कांहीं क्षण स्तब्ध झाली. मग मागच्या रांगेंतून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘आमच्या फाट्यावरही एक ढीग आहे, सर. तीन महिने झाले.’